तबकडीवरची कल्हई

१९७० साली बनलेलं पाणबुड्यांचं स्विस घड्याळ कुणी तुमच्या हातात ठेवलं, दिवा घालवला आणि त्याचे काटे पहाटेपर्यंत हिरवे चमकत राहिले, तर एक गोष्ट खात्रीने समजा : त्या काट्यांवरचा लेप १९७० चा नाही. त्या काळी तबकडीवर ट्रिशियम लावत. ट्रिशियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांचं. सव्वाबारा वर्षांत निम्मं संपतं, पुढच्या सव्वाबारात उरलेल्यातलं निम्मं. असा हिशेब करत आजपर्यंत आलं की शंभरातले जेमतेम चार-पाच भाग शिल्लक राहतात. त्यात काटे उजळत नाहीत. तरीही विकणारे सांगतात, ‘‘सगळं ओरिजिनल आहे ताई, आणि चमकतंय बघा कसं!’’ ही दोन्ही विधानं एकाच घड्याळाबद्दल खरी असू शकत नाहीत.

मी घड्याळं दुरुस्त करते. गिरगावात वडिलांचं दुकान होतं. त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून मी हा धंदा शिकले. आता ठाण्यात माझं स्वतःचं लहानसं वर्कशॉप आहे. जुनी, भारी डायव्ह वॉच घेऊन येणारी गिऱ्हाइकं हल्ली वाढली आहेत. कुणाची वडिलोपार्जित असतात, कुणी दुबईतून किंवा लिलावातून घेतलेली. ‘वेळ बरोबर दाखवेल ना?’ हा त्यांचा पहिला प्रश्न नसतो. ‘सगळं ओरिजिनल आहे ना?’ हा असतो. आणि बदललेलं काय असतं? दहातल्या आठ वेळा तबकडी, काटे आणि बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या, त्रिकोणातला चमकणारा ठिपका. म्हणजे नेमके तेच भाग, जे बदलायचेच म्हणून बनवले होते. हे का झालं, ते सांगायला रेडियमपासून सुरुवात करावी लागते.

क्युरी दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधलं. काही वर्षांतच ते झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळून रंग तयार होऊ लागला. रेडियममधून निघणारे कण भुकटीवर आदळतात आणि भुकटी उजळते. ऊन नको, दिवा नको. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत आणि विमानांत या रंगाला प्रचंड मागणी आली. फ्लॉरेन्सच्या पानेराई घराण्याने इटालियन नौदलाच्या उपकरणांसाठी असाच रंग तयार केला. १९१६ च्या पेटंटमध्ये त्याचं नाव आहे ‘रादिओमिर’. पुढे पाण्याखालून हल्ले करणाऱ्या इटालियन सैनिकांच्या मनगटावर याच नावाचं घड्याळ आलं.

हा रंग लावायचं काम बायकांचं. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी यू. एस. रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात मुलींना कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवायला शिकवलं जाई. प्रत्येक आकड्यागणिक थोडं रेडियम पोटात. जबड्याची हाडं सडायला लागली, मुली मेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणींनी १९२७ साली खटला भरला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. ही कथा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते पुढचं. त्यानंतरही रेडियम तबकड्यांवर तीस-पस्तीस वर्षं राहिलं. स्वित्झर्लंडच्या जुरा भागात तर कितीतरी बायका हे काम घरी आणून करत, स्वयंपाकघराच्या टेबलावर. २०१४ मध्ये बील शहराच्या एका जुन्या कचराभूमीत, रस्त्याचं काम चालू असताना, रेडियमचा कचरा सापडल्याची बातमी फुटली. मग स्विस सरकारने २०१५ पासून मोहीमच काढली. बील, ला शो-दे-फों अशा घड्याळांच्या गावांतल्या हजारावर मालमत्ता तपासल्या. काहींच्या फरशीच्या फटींतून आणि परसातल्या मातीतून रेडियम काढावं लागलं.

रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. झिंक सल्फाइडची भुकटी मात्र त्या सततच्या माऱ्याने काही वर्षांतच थकते. म्हणून १९५५ ची तबकडी आज अंधारात दिसत नाही, पण गायगर काउंटर जवळ नेला की तो तडतडतो. एखादं घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल, तर काटे जिथे थांबले तिथे खालच्या तबकडीवर त्यांची तपकिरी सावली भाजल्यासारखी उमटलेली असते. अशा घड्याळाची काच मी सहसा उघडत नाही. उघडावीच लागली तर हातमोजे, मास्क, खाली ओला कागद. आणि काहीही झालं तरी तो लेप खरवडत नाही. भुकटी एकदा उडाली की ती श्वासात जाते आणि तिथून बाहेर काढता येत नाही.

पाणबुड्यांच्या मनगटी घड्याळाची आज जी ओळख आहे, ती या रेडियमच्या काळातच घडली. फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्या जवानांचं पथक उभं करणारे रॉबर्ट मालुबिए आणि क्लोद रिफो यांना काळी तबकडी, ठळक चमकते आकडे आणि बुडी मारल्याची वेळ मोजायला फिरतं बेझल हवं होतं. ब्लांपां कंपनीचे झां-झाक फिश्टर स्वतः हौशी पाणबुडे. १९५३ साली त्यांचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं. रोलेक्सची ‘सबमरीनर’ १९५४ च्या बाझेलच्या जत्रेत लोकांपुढे आली. ओमेगाचं ‘सीमास्टर ३००’ १९५७ चं. पाण्याखाली टाकीतल्या हवेची मिनिटं मोजायची असतात. गढूळ, काळ्या पाण्यात मिनिटकाटा आणि बेझलवरचा त्रिकोण दिसला नाही तर घड्याळ असून नसल्यासारखं. पुढे आयएसओ ६४२५ हे मानक आलं, त्यातही अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे अशी अट आहे. म्हणजे त्या घड्याळात चमक हा दागिना नव्हता. काचेइतकाच, गॅस्केटइतकाच तो कामाचा भाग होता.

आणि कामाचा भाग झिजतो. आमच्या लहानपणी कल्हईवाला दारात यायचा. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की नवी लावून घ्यायची, नाहीतर आमटी कळकते. ही कल्हई आजीच्या लग्नातली आहे का, असं कुणी विचारलं नसतं. घड्याळावरच्या लेपाकडेही कारखाने, नौदलं आणि वापरणारे तसंच बघत.

बदलीचा पहिला मोठा प्रसंग भीतीपोटी आला. रोलेक्सच्या ‘जीएमटी-मास्टर’ या वैमानिकांच्या घड्याळाचं सुरुवातीचं बेझल बेकेलाइटचं होतं आणि त्यातल्या चमकत्या आकड्यांत स्ट्रॉन्शियम-९० होतं. १९५९ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या दट्ट्यामुळे ही घड्याळं परत मागवली गेली आणि बेझल बदलण्यात आली. मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. आज त्याच घड्याळाला बेकेलाइटचं मूळ बेझल असेल तर संग्राहक कितीतरी जास्त पैसे मोजतात. ज्यांनी नियम पाळला नाही, त्यांच्या वारसांना फायदा झाला.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला रेडियम गेलं, ट्रिशियम आलं. त्याचे कण इतके अशक्त की काच आणि केस ओलांडून बाहेर येत नाहीत. बदल गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, बारीक अक्षरं आली : ‘टी स्विस टी’ किंवा ‘स्विस – टी < २५’. म्हणजे ट्रिशियम पंचवीस मिलिक्युरीपेक्षा कमी. ब्लांपांने तर काही तबकड्यांवर किरणोत्साराच्या चिन्हावर फुली मारून ‘किरणोत्सार नाही’ असं इंग्रजीत छापलं. दुसरीकडे अमेरिकन नौदलासाठी टॉर्नेक-रेव्हिल नावाने आलेल्या घड्याळांत प्रोमेथियम-१४७ होतं. त्यांच्या पाठीवर धोक्याची सूचना कोरलेली होती आणि काम संपल्यावर त्यांतली बहुतेक किरणोत्सारी कचरा म्हणून नष्ट केली गेली.

ही बारीक अक्षरं माझ्या कामात भिंगाखालची पहिली जागा. रेडियमच्या काळात तिथे नुसतं ‘स्विस’. मग टी-वाली अक्षरं. १९९८ च्या सुमारास रोलेक्सने ट्रिशियम सोडलं, तेव्हा वर्षभर पुन्हा नुसतं ‘स्विस’, आणि त्यानंतर ‘स्विस मेड’. यात एक सापळा आहे. ‘स्विस’ हा एकच शब्द इतिहासात दोनदा येतो, मध्ये सुमारे पस्तीस वर्षं टाकून. १९५८ च्या घड्याळावर तो बरोबर, १९७२ च्या घड्याळावर तो बदललेल्या तबकडीचा पुरावा. १९६७ च्या ५५१३ क्रमांकाच्या सबमरीनरवर ‘स्विस मेड’ दिसलं, तर ती तबकडी कंपनीचीच आहे, अस्सल आहे, पण सर्व्हिसमध्ये नंतर बसवलेली. बनावट आणि बदललेली यांत फरक आहे, आणि तो बोलताना कायम पुसला जातो.

१९९८ च्या या बदलामागे एक जपानी भुकटी आहे. नेमोतो ही कंपनी १९४१ पासून चमकत्या रंगाच्या व्यवसायात. १९९३ मध्ये तिने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा ‘ल्युमिनोव्हा’ आणला. यातलं स्ट्रॉन्शियम किरणोत्सारी नाही. हा लेप प्रकाश पितो आणि तासन्‌तास परत देतो. स्वित्झर्लंडमध्ये तोच ‘सुपर-ल्युमिनोव्हा’ नावाने टॉयफेनच्या आरसी ट्रायटेक कंपनीतून येतो. ही कंपनी १९३४ साली रेडियमचा रंग करायलाच निघाली होती, तेव्हाचं नाव ‘रेडियम-केमी’. आज तिच्या यादीत ‘ओल्ड रेडियम’ नावाची पिवळट-तपकिरी छटाही आहे, किरणोत्साराचा लवलेश नसलेली. नव्याकोऱ्या घड्याळाला साठ वर्षांचं दिसायचं असतं, त्यासाठी.

आता कारखान्याची बाजू बघा. ऐंशीच्या किंवा नव्वदच्या दशकात एखाद्याने आपलं पंधरा वर्षांचं घड्याळ सर्व्हिसला दिलं. तबकडीवरचे ठिपके पिवळे पडलेत, काट्यातला लेप तडकलाय, तुकडे सुटून मशीनमध्ये पडण्याची भीती आहे. कारागीर काय करेल? नवे काटे, नवी तबकडी. जुनी चोरली नाही, फेकली. बिलावर ‘तबकडी बदलली’ असं लिहिलं आणि पाणी शिरणार नाही याची हमी दिली. गिऱ्हाईक खूश.

ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने तर हे काम सरकारी पातळीवर केलं. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आणि नंतरच्या वैमानिकांच्या रेडियमच्या तबकड्या काढून ट्रिशियमच्या बसवल्या आणि त्यांवर वर्तुळातला ‘टी’ छापला. सत्तरीत रॉयल नेव्हीच्या पाणबुड्यांना दिलेल्या रोलेक्स सबमरीनरवरही तोच वर्तुळातला ‘टी’ आहे, शिवाय तलवारीसारखे रुंद काटे आणि साठही मिनिटांच्या खुणा असलेलं बेझल. ही घड्याळं निवृत्त झाली, बाजारात आली, नव्या मालकांनी सर्व्हिसला दिली, आणि परत आली तेव्हा कितीतरींचे तलवारी काटे जाऊन नेहमीचे नागरी काटे बसलेले होते. आज सगळे लष्करी भाग शाबूत असलेलं घड्याळ दुर्मीळ आहे ते यामुळे. गंमत बघा : मंत्रालयाने बदललेली तबकडी संग्राहक आदराने ‘एमओडी डायल’ म्हणून स्वीकारतात, आणि कंपनीने बदललेली तबकडी ‘सर्व्हिस डायल’ म्हणून भाव पाडतात. दोन्ही बदल सारख्याच कारणाने झाले. पहिल्याला नोंद आहे, ठसा आहे, तारीख आहे. दुसरा निनावी आहे. माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे.

मूळपणाचं हे वेड बाजारातून आलं. ऐंशीच्या दशकात इटालियन शौकीन जुन्या रोलेक्स शोधायला लागले, मागोमाग लिलावगृहं आली. तबकडीचा रंग साईसारखा झालाय की भोपळ्यासारखा, यावर किमती ठरू लागल्या. जी गोष्ट कारागिरासाठी झीज होती, ती संग्राहकासाठी शोभा झाली. आणि शोभेला किंमत आली की ती तयार करणारे हातही निघतात. चहाचं पाणी, कॉफी, रंगद्रव्य घालून मळवलेला नवा लेप मी अनेकदा पाहिलाय. हे फक्त गल्लीबोळात होतं असं नाही. २०२१ साली जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक तपकिरी झालेलं ‘स्पीडमास्टर’ एकतीस लाख फ्रँकांच्या वर गेलं. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच माजी माणसांचा हात होता.

यात आपल्या मुंबईचंही नाव येतं, आणि ते फारसं कौतुकाने नाही. परदेशी संग्राहक भारतात रंगवलेल्या तबकडीच्या सेइको आणि एचएमटी घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. गर्द निळ्या, केशरी तबकड्या, आकडे थोडे जाड, नावाची अक्षरं वाकडी. आज मूळ म्हणून खपवलेल्या मुंबई स्पेशलचं मी समर्थन करणार नाही. पण त्यांचा जन्म लबाडीतून झाला नाही. आयातीवर बंधनं होती, सुटे भाग मिळत नव्हते, आणि मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात, खाऱ्या दमट हवेत, तबकडीवर काळे डाग पडत, लेप बुरशी आल्यासारखा करडा होई. गिऱ्हाईक म्हणे, ‘‘डायल नवीन करून द्या, आणि रेडियम लावा.’’ वडील तबकडी रंगवणाऱ्याकडे पाठवत, तो आठवड्याने देई. माणूस ते घड्याळ घालून कामावर जाई. त्याला फसवलं गेलं नव्हतं, त्याने मागितलं तेच मिळालं होतं. फसवणूक झाली ती चाळीस वर्षांनी, कुणीतरी त्यालाच ‘अस्सल जुनं’ म्हणून विकायला काढलं तेव्हा.

वडिलांची एक पद्धत होती. काढलेला प्रत्येक भाग, तुटलेली स्प्रिंग असो की गंजलेला काटा, बटरपेपरच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत. ‘‘तुमची वस्तू आहे, टाकायची तर तुम्ही टाका.’’ तेव्हा मला वाटे, लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते करतात. आता वाटतं, त्या पुडीत घड्याळाचा इतिहास जायचा.

अलीकडेच रत्नागिरीकडचा एक मुलगा आला. त्याचे वडील बोटीवर इंजिनीयर होते, सिंगापूरला घेतलेलं १९६८ चं एक स्विस डायव्ह वॉच त्यांनी शेवटपर्यंत वापरलं. एका दलालाने घड्याळ पाहिलं, ‘तबकडी बदललेली’ म्हणून भाव निम्म्यावर आणला. मुलगा दुखावला होता. ‘‘ताई, म्हणजे बाबांना कुणीतरी फसवलं ना?’’

भिंगाखाली पाहिलं. तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’. अतिनील दिव्याखाली धरून दिवा काढला, तरी काटे आणि ठिपके चमकत राहिले. जुना ट्रिशियमचा लेप असता तर काही सेकंदांत विझला असता. बेझलच्या त्रिकोणातला ठिपका मात्र विझला, म्हणजे तो जुना. काट्यांच्या मापात, तबकडीच्या छपाईत काही खटकलं नाही. भाग कंपनीचेच. मी विचारलं, ‘‘बाबांचे जुने कागद आहेत का?’’ पुढच्या वेळी तो एक फाइल घेऊन आला. त्यात २००३ ची सर्व्हिसची पावती होती : तबकडी, काटे, गॅस्केट बदलले.

‘‘अरे, बाबांना कुणी फसवलं नाही,’’ मी म्हटलं. ‘‘इंजिनरूममध्ये, रात्रपाळीला वेळ दिसावी म्हणून त्यांनी पैसे देऊन हे करून घेतलं. दलाल भाव कमी सांगतोय, तो बाजाराचा हिशेब आहे. पण घड्याळ खोटं आहे असं तो म्हणाला, तर ते चूक.’’ ती पावती घड्याळाबरोबर ठेव, कधीही वेगळी करू नकोस, एवढं मी त्याला बजावलं. जुळणारी जुन्या लेपाची तबकडी बाहेरून विकत घेऊन बसवूया का, असंही त्याने विचारलं. मी नको म्हटलं. दुसऱ्या घड्याळाची तबकडी यात घातली की भाव कदाचित चढेल, पण मग हे त्याच्या वडिलांचंही राहणार नाही आणि कारखान्यातून निघालेलंही नाही. आत्ता जो बदल आहे तो निदान खरा आहे.

एक सावधगिरी दोन्ही बाजूंनी हवी. काटे आणि तबकडी वेगवेगळ्या रंगांची दिसली म्हणजे बदललेलीच, असं नाही. ती मुळातच वेगवेगळ्या पुरवठादारांकडून यायची, लेपाचं मिश्रणही वेगळं असायचं, त्यामुळे ती वेगवेगळी पिवळी पडतात. उलट दोन्ही तंतोतंत एकाच रंगाची असतील, तर मी जास्त जपून बघते. एकाच वाटीतून एकाच दिवशी लेप लावला की असं होतं.

म्हणून माझं गिऱ्हाइकांना सांगणं साधं आहे. ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न सोडा. ‘काय बदललं, कधी, कुणी, आणि लिहून आहे का?’ हे चार प्रश्न विचारा. विकणारा चारांची उत्तरं देत असेल, तर बदललेल्या तबकडीचं घड्याळ बिनधास्त घ्या, कमी किमतीत घ्या आणि हातात घालून वापरा. रात्री चमकत असेल तर उत्तम, ते त्यासाठीच बनवलं होतं. पिवळी पडलेली जुनी तबकडी असेल तर मुळीच उजळवून घेऊ नका, ती परत मिळत नाही. आणि दुरुस्तीला द्याल तेव्हा आधीच बजावा, शक्यतो लेखी : काढलेला भाग परत हवा, बिलात त्याचं नाव हवं. तो रेडियमचा असेल तर घरी आणू नका, पण बिलात नोंद हवीच. जो कारागीर याला नाही म्हणेल, त्याच्याकडे घड्याळ ठेवू नका.